केसाएवढी शिरोरेषा

तिरकेपणा चौदा अंश.

लेबल तपासताना बाटली हलवायची नाही. मान हलवायची नाही. दिवा बाटलीच्या मागे.

हस्तिदंती कागद, रुपेरी राखाडी शाई, नऊ पॉइंट.

बाळाच्या कानात नाव सांगण्याआधी कुर्र करतात. का करतात ते मी कुणाला विचारलेलं नाही.

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत दीड वाजता सगळ्या गाळ्यांना एकच वास येतो. अर्धा शाईचा, अर्धा डब्यांचा.

गुडघ्यांमुळे नोकरी सोडली, असं तिने सांगितलं.

‘त्यात सगळं आहे.’

विकीने नमुन्यांचा अल्बम उघडला आणि मला माझं स्वतःचं अक्षर वाचता आलं नाही.

यातलं शेवटचं आधी सांगतो, कारण ते आज दुपारी घडलं. बाकीचं नऊ वर्षांपूर्वीचं आहे, किंवा चाळीस. मी एका बिल्डरच्या पुस्तिकेची छपाई बघायला चारकोपला विकीच्या छापखान्यात गेलो होतो. पहिला ताव मशीनवरून यायला वेळ होता, म्हणून विकीने कार्डांचा अल्बम माझ्यापुढे टाकला. पूर्वी हा छापखाना त्याचे वडील श्यामसुंदरशेठ बघायचे, आता ते आठवड्यातून दोनदा येऊन पंख्याखाली बसतात. विकी म्हणाला, हे बघा, तुमचं कार्ड अजून झकास चालतं, महिन्याला दोन-तीन पार्ट्या तरी यावरच बोट ठेवतात, आम्ही फक्त मजकूर बदलतो. प्लास्टिकच्या खिशात माझ्या मुलीच्या बारशाचं कार्ड होतं. मी ते बाहेर काढलं आणि मला दिसल्या तिरक्या काड्या. ओळीने लावलेल्या, एकाच बाजूला कललेल्या, राखाडी. त्यांच्यामध्ये काही नव्हतं. मला वाटलं शाई उडाली, नऊ वर्षं प्लास्टिकमध्ये राहून कागदाने ती पिऊन टाकली. मी कार्ड खिडकीकडे नेलं. हात लांब केला. कोपर सरळ झालं तेव्हा काड्यांमध्ये काहीतरी हललं, पण ते अक्षर होतं की डोळ्यातलं पाणी ते कळलं नाही. विकी हसला. ‘साहेब, वाट लागली. चाळिशी आली तुम्हाला.’ त्याने वडिलांच्या खणातून त्यांचा चष्मा काढून दिला. मी तो घातला, आणि आधी शिरोरेषा आली, केसासारखी, मग तिच्यातून लोंबणारी अक्षरं, मग त्यांच्या गाठी, वेलांट्या, टोकांचे सुईएवढे पाय. सगळं जागेवर होतं. शाई उडालेली नव्हती. मी चष्मा काढला. काड्या. घातला. अक्षरं. काढला. असं मी किती वेळ केलं ते विकीला विचारायला हवं. त्याने शेवटी विचारलं, चहा सांगू का.

पुस्तिकेचा ताव न बघता मी निघालो. अल्बममधलं कार्ड माझ्या खिशात होतं. विकी म्हणाला, नमुना आहे ना तो, परत आणून द्या. मी हो म्हटलं.

हे अक्षर मी काढलं. घाटकोपरच्या एका सराफाला त्याच्या इंग्रजी नावासारखंच मराठी हवं होतं. इंग्रजी नाव त्या जातीच्या अक्षरात होतं जी तुम्ही अत्तराच्या बाटलीवर बघता, साड्यांच्या मोठ्या दुकानावर बघता, चाळीस मजली इमारतीच्या लॉबीत पितळेत कोरलेली बघता. उभी रेघ भरगच्च, तिला जोडणारी रेघ जवळजवळ नाही, आणि सगळं अंग एका बाजूला झुकलेलं, जणू कुणीतरी दारातून वळून बघतंय. इंग्रजीला हे झेपतं. मराठीला शिरोरेषा आहे, ती आडवी आहे, आणि आपल्या डोक्यावर बसली आहे. बोरूने लिहिताना ती जाडच येते, हात तसाच फिरतो. मी ती बारीक केली. आठ महिने मी फक्त ती बारीक करत होतो. दर आठवड्याला थोडी. सराफ खूश, मासिकात दोन पानं, मुलाखत. मुलाखतीत मी म्हणालो होतो की मराठी अक्षराला पहिल्यांदा श्वास घ्यायला जागा मिळाली. असं बोलायचो मी तेव्हा. हे अक्षर मोठं असलं की खरोखर सुंदर असतं, हे मी आजही म्हणेन. तीन फूट उंचीचा ‘क’, त्याच्या पोटातून निघून बाहेर वळणारी ती शेवटची पातळ रेघ, मी ती काढली तेव्हा उठून खोलीत एक चक्कर मारली होती. पण ते अक्षर वाचण्यासाठी नाही, पाहण्यासाठी आहे. त्याच्यासमोर माणूस थोडा मागे सरकून उभा राहतो आणि आवाज खाली आणतो. मला ते आवडायचं. मी ज्या घरातून आलो तिथे कुणी आवाज खाली आणत नसे.

ते घर भांडुपला, कोकणनगरात, चढावर. वडील गिरणीत होते, संपानंतर कुठेच नव्हते. आई मी तीन वर्षांचा असताना गेली. कमलताई माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी. ती औषधांच्या एका लहान कंपनीत पॅकिंगला लागली आणि चार वर्षांत लेबल तपासायला बसली. तिथे ती सव्वीस वर्षं बसली. समोर काचेचा पांढरा दिवा, त्याच्या पुढून पट्ट्यावर बाटल्या जाणार, आणि कमलताई बघणार: नाव, बॅच नंबर, तारीख. एखादा आकडा पुसट दिसला की बाटली बाजूला. तिच्यावरचे साहेब वैतागायचे, अहो बाई, वाचता येतंय ना. ती म्हणायची, मला येतंय, म्हातारीला येईल का. मला हे माहीत आहे कारण ती घरी येऊन साहेबांच्या नकला करायची, पाठीचा बाक, नाकातला आवाज, सगळं. वडीलसुद्धा हसायचे. घरात तिची करडी नजर प्रसिद्ध होती. तांदळातला खडा ती बसल्या जागेवरून दाखवायची. माझ्या शर्टावरचा शाईचा ठिपका ती दारातून ओळखायची आणि म्हणायची, ‘देवदत्ता, आज कोणाशी भांडलास?’ मला आर्ट स्कूलला घालायचं तिनेच ठरवलं. वडिलांना वाटत होतं रेल्वेत लागावं. ती म्हणाली, ह्याचा हात बघा, ह्याला रुळावर कशाला पाठवता. मी पहिल्यांदा अक्षरं काढायला लागलो तेव्हा ती माझ्या पाठीमागे उभी राहून वाचायची. सुंदर आहे की नाही यावर ती बोलत नसे. मोठ्याने वाचून दाखवायची, आणि जिथे अडखळायची तिथे बोट ठेवायची. मला राग यायचा. नंतर मी तिला दाखवणं सोडलं.

हे कधी सोडलं? मी आठवून बघतो आहे आणि तारीख सापडत नाही. एक दिवस दाखवलं नाही, मग दुसरा दिवस, असंच झालं असणार.

मुलगी झाली तेव्हा आम्ही मुलुंडला आलो होतो. मानसीच्या माहेरचे सगळे तिथे आसपास. बारसं सव्वा महिन्यांनी करायचं ठरलं, हॉल घेऊन. आमच्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते. नाव आई-बाप ठरवोत, पण बाळाच्या कानात ते आधी आत्या सांगते, तोवर त्या मुलाला नाव नसतं. आणि आत्याला आणायला जायचं असतं. माझ्या बारशाला वडील स्वतः लालबागला जाऊन त्यांच्या बहिणीला टॅक्सीतून घेऊन आले होते. घरात टॅक्सी आल्याची ती एकच गोष्ट, कमलताई ती रंगवून सांगायची. मला हे सगळं माहीत होतं. विसरलो होतो असं मी म्हणू शकत नाही. मला एवढंच वाटलं की आता कार्ड आहे. असं कार्ड, जसं कुणाच्या घरात कधी आलं नसेल. ते हातात पडलं की पुन्हा आणायला जाणं म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगणं.

कार्डाचं काम मी स्वतः केलं, अकरा दिवस. आता सांगतो ती चूक फक्त आमच्या धंद्यातला माणूस करेल. मी ते सगळं मोठ्या पडद्यावर काढलं, चारपट मोठं करून. चारपट मोठं केलं की केस दोरीएवढा दिसतो. एका वेलांटीच्या टोकासाठी मी एक संध्याकाळ घालवली. अकरा दिवसांत मी ते कार्ड त्याच्या खऱ्या आकारात एकदाही बघितलं नाही, आणि छापून आलं तेव्हाही मी ते बघितलं नाही, मला आधीच दिसत होतं. प्रत्येक रेघ मला पाठ होती. जे पाठ असतं ते डोळ्यांनी वाचावं लागत नाही. श्यामसुंदरशेठनी फोन केला होता, जरा बोल्ड करू का म्हणून. मी जवळजवळ तासभर त्यांना समजावलं. ते शेवटी म्हणाले, तुम्ही आर्टिस्ट माणूस.

शेवटची ओळ सगळ्यात लहान, सात पॉइंटची. ‘सभागृह दुसऱ्या मजल्यावर. लिफ्टची सोय आहे.’ ती ओळ कमलताईसाठी होती. आदल्याच वर्षी तिने नोकरी सोडली होती, गुडघे दुखतात, बसवत नाही, असं म्हणाली होती. लिफ्टचा हॉल मिळावा म्हणून मी चार हॉल नाकारले. मानसी त्रासली होती. म्हणजे मी विचार केला नव्हता असं नाही. मी तिचा विचार केला, आणि तो सात पॉइंटमध्ये, तिरका, रुपेरी राखाडी छापला.

कार्ड कुरियरने गेलं. मी तिला फोन केला. म्हणालो, एकवीसला बारसं आहे, कार्ड पाठवलंय, बघ. तिने विचारलं, किती वाजता, कुठे. मी गाडीत होतो, मागे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. मी म्हणालो, अगं त्यात सगळं आहे. ती म्हणाली, बरं.

बारशाच्या दिवशी पाळण्यामागे नाव मोठ्या अक्षरात झाकून ठेवलं होतं, फुलांच्या पडद्याआड. कल्पिता. हे नाव मी निवडलं होतं, आणि का निवडलं ते मानसीला मी आजवर सांगितलेलं नाही. ‘क’ आणि ‘ल’ शेजारी आले की माझ्या अक्षरात त्यांच्या दोन्ही वळणांची एक लाट होते. दुसरं काही कारण नव्हतं. अकरा वाजले, साडेअकरा झाले. मानसी म्हणाली, ताईंना फोन कर ना. मी म्हणालो, तिला सगळं माहीत आहे, कार्डात लिहिलंय. मानसी म्हणाली, तरी कर. मी म्हणालो, ती रुसली असेल, कुरियरने पाठवलं म्हणून, आता फोन केला तर सगळ्यांसमोर तमाशा करेल. हे मी म्हणालो. कमलताईने आयुष्यात कधी तमाशा केलेला नाही, नकला केल्या आहेत. बारा वाजता गुरुजींनी घड्याळाकडे बघितलं. माझी चुलत बहीण मंजुळा पुढे झाली, तिने कुर्र केलं, नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, सगळे हसले. मग पडदा सरला आणि ते नाव दिसलं, आणि लोक खरोखर मागे सरकले आणि त्यांचे आवाज खाली आले. फोटो आहेत. फोटोंत मी त्या अक्षरांकडे बघतो आहे.

त्यानंतर अबोला झाला नाही. अबोला असता तर कुणीतरी तो सोडला असता. मी गणपतीत भांडुपला जात राहिलो, दरवर्षी, दहा मिनिटं, खुर्चीच्या कडेवर बसून. कमलताई साखरखोबरं द्यायची. पहिल्या वर्षी तिने कागदात बांधून मुलीसाठी चांदीचे वाळे दिले. ते तोवर लहान होऊन गेले होते, मुलगी आठ महिन्यांची गुटगुटीत झाली होती, आणि मला वाटलं हा टोमणा आहे. ती मुलुंडला आली नाही. मी बोलावलं नाही असं नाही. ये ना कधीतरी, म्हणालो. दरवर्षी, चप्पल घालताना. ती म्हणायची, बघू. तिचा चष्मा जाड होत गेला, मग एके वर्षी चष्माच नव्हता, आणि मी विचारलं नाही. साखर वाढली आहे एवढं माहीत होतं. दहा मिनिटांत माणूस किती विचारणार. आणि दुसरं असं, की मी रागावलेला होतो. हे लिहायला वेळ लागला, पण तसंच आहे. नऊ वर्षं मी रागावलो होतो की तिने माझ्या मुलीला नाव दिलं नाही.

चारकोपहून रिक्षा केली. रिक्षावाला म्हणाला भांडुप लांब पडेल, मी म्हटलं चल. जोगेश्वरीचा रस्ता, पवईचं तळं, मग खाली उतरून मेट्रोच्या पत्र्यांमधून. सगळ्या वाटेवर मी पाट्या वाचत होतो, लांबच्या वाचता येत होत्या. एका इमारतीच्या पत्र्यावर माझं अक्षर होतं, मी दिलेलं नाही, कुणीतरी बिनपैशांचं उतरवून घेतलेलं, त्याला अजून तिरकं केलेलं. त्यावर एक हसणारी बाई होती आणि तिच्या पायाशी, गुडघ्याएवढ्या उंचीवर, बारीक अक्षरांत अटी होत्या. मी वाचायचा प्रयत्न केला नाही. मी मनात वाक्यं लावत होतो. ताई, एक विचारायचं होतं. ताई, तुला तेव्हा कार्ड वाचता आलं होतं का? वाक्य लावलं की ते मूर्खपणाचं वाटायचं. ती लेबल तपासणारी बाई होती. मुंग्यांएवढी बॅचची अक्षरं तिने सव्वीस वर्षं वाचली. तिला वाचता आलं नसेल असं मला कसं सुचणार होतं, असं मी रिक्षात स्वतःला म्हणत होतो, आणि त्यात थोडा दिलासा होता, आणि तो दिलासा कांजूरपर्यंत टिकला.

ती दारातच बसली होती, परातीत वाल सोलत. बोटांनी. परातीकडे बघत नव्हती. माझ्या पावलांवर मान वळली. ‘कोण? देवदत्त? गणपती तर गेले रे.’ मी आत जाऊन बसलो, या वेळी पलंगावर. ती म्हणाली, कोणाचं काही झालं का? मी नाही म्हणालो. मानसी बरी, मुलगी बरी. वाल परातीत पडत राहिले. मी खिशातून कार्ड काढलं आणि तिच्या हातात ठेवलं. तिने ते आधी बोटांनी चाचपलं, कडा, पाठ, मग अंगठा पुढच्या बाजूवरून फिरवला, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि थांबली.

‘हां,’ ती म्हणाली. ‘ता नक्षीचा कार्ड.’

मी विचारलं, कसली नक्षी.

‘माका वाटला नक्षीच आसा. तिरपी तिरपी कामटां, चटईक असतत तशी. म्हटलं, अक्षरां आत असतली, म्हणान पाकीट परत उघडून बघितलंय. पाकिटात काय नव्हता.’

माझ्याशी ती नेहमी मुंबईचं मराठी बोलते. मालवणी वडिलांशी बोलायची. ती पुढे सांगत गेली, तक्रार न करता, कंपनीतल्या एखाद्या बाटलीबद्दल सांगावं तसं. तिने ते दिव्याखाली धरलं, दाराच्या उजेडात धरलं. मग दिवा मागे धरून बघितलं, कंपनीत बघायची तसं. तेव्हा डाव्या डोळ्यापुढे आधीच जाळं आलं होतं, उजव्याने भागवायची. मी म्हणालो, पण तू तर गुडघे म्हणाली होतीस. ती म्हणाली, मग काय सांगणार होते, लेबल बघणाऱ्या बाईला लेबल दिसत नाही म्हणून? साहेबांना गुडघे सांगितले, तुलाही गुडघे सांगितले, एकच गोष्ट सगळ्यांना सांगितली की विसरायला होत नाही.

मी म्हणालो, शेजारी कुणालातरी वाचायला सांगायचंस. रत्नप्रभाकाकू होत्या.

तिने परातीतला एक वाल दोन बोटांत धरला. ‘माझ्या भावाने पाठवलेलं मी दुसऱ्याकडून वाचून घेऊ? आणि त्यांना काय सांगू, मला नावच ठेवायला जायचंय पण कुठे ते माहीत नाही?’

मग फोन. मी म्हणालो फोन करायचास. हे म्हणताना मला माझाच आवाज ऐकू आला. तिने तो वाल सोलला आणि म्हणाली, ‘तू म्हणाला होतास ना, त्यात सगळं आहे. मग परत विचारलं असतं तर तुला कळलं असतं.’ एवढंच तिने लपवलं होतं. आणि मी ते तिच्या मनाविरुद्ध, इतक्या वर्षांनी, एका दुपारी उघडं करायला आलो होतो, तेही माझे डोळे बिघडले म्हणून.

तिने कार्ड माझ्याकडे परत केलं. ‘आता वाच. काय लिहिलं होतंस एवढं.’

मी कार्ड धरलं. लांब धरलं. दाराकडे वळलो. काड्या. चष्मा चारकोपला, श्यामसुंदरशेठच्या खणात. मी वाचेना तशी ती पुढे झुकली, कान पुढे करून, आणि तिला कळलं. ती हसायला लागली. पूर्वीसारखं, खांदे हलवून. ‘तुझे पण गेले? अरे देवा. लिहिणारा आंधळा, वाचणारी आंधळी.’

मी पाठ असलेलं म्हणायला लागलो. आमच्या कन्येच्या नामकरणाच्या मंगल प्रसंगी. आपली उपस्थिती प्रार्थनीय. रविवार, एकवीस फेब्रुवारी, सकाळी साडेदहा. ती मान खाली घालून ऐकत होती, प्रत्येक तुकड्याला किंचित हां म्हणत, बाटल्या मोजाव्यात तशी. हॉलचं नाव सांगितलं. तिने विचारलं, म्हणजे कुठे. मी म्हणालो, मुलुंड पश्चिम, स्टेशनपासून पाच मिनिटं. ती म्हणाली, एवढ्या जवळ होतं? मग मी शेवटची ओळ म्हटली. सभागृह दुसऱ्या मजल्यावर. लिफ्टची सोय आहे.

‘लिफ्ट कोणासाठी?’

‘तुझ्या गुडघ्यांसाठी.’

तिने परात मांडीवरून उचलून खाली ठेवली. उजवा पाय सरळ केला, गुडघ्यावर थाप मारली, मग डाव्या गुडघ्यावर. ‘माझ्या गुडघ्यांक काय झाला?’ ती म्हणाली. ‘काय नाय झाला.’ या वेळी ती हसली नाही.

मी म्हणालो, चल आता मुलुंडला, रिक्षा खाली थांबवली आहे. ती म्हणाली, आता कित्याक. मुलगी शाळेत जाते ना, हाकेला ओ देते ना, झालं तर. मी म्हणालो, निदान बघायला. हा शब्द माझ्या तोंडून गेला आणि परत घेता आला नाही. तिने तो सोडून दिला. मला म्हणाली, चष्मा करून घे, लाजू नको, आणि साखर तपास, आपल्या घरात आहे. मग वाल एका पिशवीत भरून माझ्याकडे दिले. सोललेले. मानसीला सांग आजच करायला, उद्या वास येईल.

मी खाली उतरताना रत्नप्रभाकाकू जिन्यात भेटल्या. त्यांनी मला थांबवलं आणि हळू आवाजात दोन वाक्यं सांगितली, नऊ वर्षं कुणी विचारेल म्हणून जपून ठेवल्यासारखी. रिक्षात बसल्यावर कार्ड हातातच होतं. मी ते मुठीत दुमडायला गेलो, पण कागद तीनशे जीएसएमचा होता, पुठ्ठ्यासारखा जाड, मी निवडलेला, तो दुमडत नाही. संध्याकाळी घरी मी संगणकावर ती फाइल उघडली आणि शिरोरेषा जाड करून बघितली. थोडी. अजून थोडी. वाचता येईल इतकी जाड झाली तेव्हा ते अक्षर साधं झालं, रेशनकार्डावरच्यासारखं, कुणीही काढलं असतं असं. मी ते तसंच ठेवलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो, आणि खरं सांगायचं तर तेव्हाही मला ते आवडलं नाही. आत मानसी विचारत होती, वाल कुणी सोलले एवढे नीट.

एकवीस फेब्रुवारीला कमलताई सकाळी आठ वाजता अंजिरी साडी नेसून, चप्पल घालून दाराशी स्टुलावर बसली होती, आणि दुपारी दोन वाजता रत्नप्रभाकाकूंनी तिला भात वाढला तेव्हाही चप्पल पायात होती.